डोंगल की डबा? लॅपटॉपवर गाणी ऐकणाऱ्यांसाठी

"दादा, डॅक घेऊ, ॲम्प घेऊ, की दोन्ही एकत्र असलेला डबा?" लॅपटॉपवरची गाणी हेडफोनवर अधिक चांगली ऐकायची म्हणून मावसभावाचा हा प्रश्न गेल्या महिन्यात आला. मी नेहमीप्रमाणे उलट विचारलं, हेडफोन कोणता? तो म्हणाला, ब्लूटूथचा. विषय तिथेच संपला. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटात स्वतःचा डॅक आणि ॲम्प आधीच बसवलेला असतो. लॅपटॉपला बाहेरून कितीही भारी डबा लावा, त्या हेडफोनला त्याचा पत्ताही लागत नाही. यूएसबीची वायर असलेल्या गेमिंग हेडसेटचंही तेच.

साध्या पिनचा, वायरवाला हेडफोन असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं आहे.

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची विजेची लहर करणारा, आणि ॲम्प म्हणजे त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देणारा. हेडफोनचं भोक असलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये हे दोन्ही असतात, बहुतेक वेळा एकाच चिपमध्ये. त्यामुळे 'मला डॅक हवा का' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. आतला का पुरत नाही, ते आधी बघायचं.

ते बघायला पैसे लागत नाहीत. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, घरातला सर्वात संवेदनशील (थोड्याशा जोरातही मोठ्याने वाजणारा) इअरफोन लॅपटॉपला लावा. गाणं लावू नका, आवाज निम्म्यावर ठेवा. आता माउस गोल गोल फिरवा, एखादं लांबलचक पान वरखाली करा. 'चिर्र-चिर्र' असं काही ऐकू आलं, किंवा सतत बारीक 'स्स्स' येत राहिलं, तर आतला सर्किट बोर्ड तुमच्या गाण्यात ढवळाढवळ करतोय. बाहेरचा डॅक घ्यायला हे पुरेसं कारण आहे. शांतता असेल, तर दुसरा प्रश्न: तुमच्या हेडफोनला आवाज पुरतो का? मोठ्याने रेकॉर्ड केलेल्या आजच्या सिनेमातल्या गाण्यावरून हे ठरवू नका. जुनी ख्यालाची मैफल लावा, विलंबितातली सुरुवातीची आलापी. आवाज शंभरावर नेऊनही तंबोरे पुसट वाटत असतील तर जोर कमी पडतोय.

जोराचं गणित शाळेतलंच आहे. व्होल्टचा वर्ग भागिले ओम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) केलं की वॉट, म्हणजे जोर मिळतो. ऑडिओ टेक्निकाचा एम 50 एक्स 38 ओमचा आहे, एका मिलिवॉटला 99 डेसिबल देतो. त्याला एक व्होल्ट दिला तर साधारण 26 मिलिवॉट होतात आणि आवाज 113 डेसिबलवर जातो. कान बंद करून पळायची पातळी. आता बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो घ्या, 250 ओमवाला. एका मिलिवॉटला 96 डेसिबल. त्याच एका व्होल्टमध्ये त्याला जेमतेम 4 मिलिवॉट मिळतात, म्हणजे 102 डेसिबल. कागदावर हेही खूप वाटतं, पण हा आकडा सर्वात मोठ्या क्षणाचा आहे. मैफलीत तबला-पेटी टिपेला असताना आणि नुसता खर्ज लागलेला असताना वीसेक डेसिबलचं अंतर सहज असतं. तेवढं वजा केलं तरी ऐंशीच्या आसपास उरतं. ते पुरेसं आहे, पण रेकॉर्डिंगच हळू असेल तर कमी पडू शकतं. जाता जाता, जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. ॲम्प घेतला म्हणून ती वाढत नाही.

सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे ॲपलचा यूएसबी-सी ते 3.5 मिमी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटासा डॅक-ॲम्प. किंमत हजाराच्या आसपास, आकार करंगळीएवढा. कमाल एक व्होल्ट, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ (आवाजाचं माप किती बारीक आणि सेकंदाला किती हजार वेळा, ते). आउटपुट इम्पीडन्स (डोंगलचा स्वतःचा अडथळा) एक ओमच्याही खाली, त्यामुळे कमी ओमच्या इअरफोनचा सूर तो बिघडवत नाही. (ठोकताळा असा, की हा आकडा हेडफोनच्या ओमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. भल्याभल्या महागड्या डब्यांना हे जमत नाही.) विंडोजला चालतो, मॅकला चालतो, ड्रायव्हर लागत नाही, माइकवाला इअरफोन लावला तर माइकही चालतो. खोट दोन ठिकाणी आहे. कित्येक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फारच दबका येतो, म्हणून एकच डोंगल फोन आणि लॅपटॉप दोन्हीला वापरायचा बेत असेल तर आधी लावून बघा. आणि युरोपात विकली जाणारी आवृत्ती अर्धाच व्होल्ट देते. जर्मनीहून येणाऱ्या भाच्याला 'येताना घेऊन ये' सांगण्यात काही हशील नाही.

एम 50 एक्स, बहुतेक सगळे वायरवाले इअरफोन, कॉसचा पोर्टा प्रो, असं काही वापरत असाल आणि लॅपटॉपचा जॅक चिरचिरत असेल, तर मी याच्यापुढे जाणार नाही.

त्याच्या वरचा टप्पा म्हणजे दणकट डोंगल. उदाहरणार्थ फीओचा केए 11. कंपनी 32 ओमला 200 मिलिवॉट सांगते, म्हणजे हिशेबाने अडीच व्होल्ट. वरच्या 250 ओमच्या बायरडायनॅमिकला तो 110 डेसिबलच्या घरात नेतो. ॲपलच्या डोंगलपेक्षा तिपटीच्या आसपास पैसे पडतात, पण मैफल ऐकणाऱ्या आणि जड हेडफोन असलेल्या माणसाला मुंबईच्या घरात याहून जास्त जोर क्वचितच लागेल. तोटा एवढाच की आवाज कमीजास्त करायला कीबोर्डच. फोनला लावला तर बॅटरीही जास्त खातो, पण आपण लॅपटॉपबद्दल बोलतोय.

मग टेबलावरचा डबा कुणी घ्यायचा?

फीओचा ई 10 के 2014 पासून बाजारात आहे, आता टाइप-सीच्या अवतारात. पुढे व्हॉल्यूमचं बटण, बास वाढवायचा खटका, मागे लाइन आउट (स्पीकर जोडायचं भोक), शिवाय गेनचा (जोराची पायरी कमीजास्त करायचा) खटका. 32 ओमला 200 मिलिवॉट, म्हणजे जोराच्या बाबतीत वरच्या केए 11 एवढाच! पैसे जास्त द्यायचे ते बटणाचे आणि लाइन आउटचे. हे मी हिणवून म्हणत नाही. मीटिंगच्या मध्येच कुणीतरी माइकजवळ खोकतं, तेव्हा हात आपोआप गोल बटणावर जातो, कीबोर्डवर एफ-कितीतरी शोधत बसावं लागत नाही. रोज आठ तास हेडफोन लावून काम करणाऱ्याला याची किंमत आहे. त्याच्या वर आयफायचा झेन डॅक आणि फीओचा के 11. पहिला यूएसबीच्याच विजेवर चालतो, दुसऱ्याला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि जोर त्याच्यात भरपूर आहे. दोघांनाही 6.35 मिमीचा मोठा जॅक आणि 4.4 मिमीचा बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणारा) जॅक. बॅलन्स्डसाठी वेगळी केबल विकत घ्यावी लागते आणि पहिलाच डबा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. सेनहायझरचे 300 ओमवाले एचडी 600 किंवा 650, किंवा एखादा आळशी (जास्त जोर मागणारा) प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा हेडफोन घरात असेल, किंवा यंदा घ्यायचं नक्की झालं असेल, तर के 11 हा मला यातला सर्वात सरळ सौदा वाटतो. झेन डॅक दिसायला देखणा आहे आणि त्याचं बासचं बटण गमतीचं आहे. माझे पैसे त्याच्यावर गेले नसते.

स्वस्त ॲनालॉग नॉबची, म्हणजे आवाजाच्या गोल बटणाची, एक खोड दुकानातच तपासा. इअरफोन लावून, गाणं चालू ठेवून नॉब शून्यापासून अगदी हळू उघडा. सुरुवातीच्या पट्ट्यात डाव्या कानात गाणं आणि उजव्यात शुकशुकाट, असं होत असेल तर संवेदनशील इअरफोनवाल्याला रोजचा ताप आहे, कारण त्याचं सगळं ऐकणं त्याच पट्ट्यात होतं. गेन 'लो'वर ठेवून पुन्हा बघा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, जिथे लावून बघू देतात तिथेच घ्या. 'डबा उघडला की परत नाही' म्हणणाऱ्या काउंटरसमोरून मी हल्ली मुकाट पुढे जातो.

अमेरिकेहून वेगवेगळा डॅक आणि ॲम्प मागवायचा मोह अनेकांना होतो. शिट ऑडिओचे मोडी (हा डॅक; मोडी लिपीशी संबंध नाही) आणि मॅग्नी (हा ॲम्प) नावाजलेले आहेत, ते उगाच नाही. पण मॅग्नीला भिंतीत खोचायचा जड अडॅप्टर लागतो आणि तिकडे विकला जाणारा 115 व्होल्टचा असतो. आपल्याकडे 230. पाहुण्याच्या बॅगेतून आलेला तो ठोकळा थेट आपल्या बोर्डात लावलात तर धूर निघेल. वर कस्टम, कुरिअर, आणि बिघडला तर दुरुस्तीला सातासमुद्रापार. पहिल्या खरेदीसाठी नको.

मॅकबुकवाल्यांनी तर थांबावंच. 2021 पासूनच्या 14 आणि 16 इंची मॅकबुक प्रोचा जॅक हेडफोनचे ओम स्वतः ओळखतो: 150 ओमच्या खाली सव्वा व्होल्टपर्यंत, त्याच्या वर 3 व्होल्टपर्यंत. म्हणजे दणकट डोंगल आतच बसवून दिलाय. आणि ऑफिसच्या लॅपटॉपला काही जोडणार असाल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी आवाज स्वच्छ हवा म्हणून एक चांगला डबा घेतला. लाइन आउटमधून स्पीकरला जोडला, आणि स्पीकर भुंग्यासारखे गुणगुणायला लागले. दुकानदार म्हणाला केबल बदला. केबल बदलली. मग म्हणाला डबा बदला. शेवटी एका रात्री कंटाळून लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि गुणगुण बंद. चार्जर लावला, पुन्हा सुरू. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोटं फिरवली की मुंग्या येतात तशी बारीक थरथर लागायची, ती आठवली. इलेक्ट्रिशियनने गिरगावातल्या आमच्या जुन्या खोलीतला बोर्ड उघडला तर तीन पिनांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं, मागे अर्थिंगची वायरच नव्हती. चार्जरमधून झिरपणारा करंट वाट शोधत माझ्या ऑडिओ केबलमधून स्पीकरकडे चालला होता. वायर ओढून घेतली, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावले, काम झालं. खर्च डब्याच्या मानाने किरकोळ. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकतात लोक. तेवढं करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

आणि डबा आवाजात खरंच चांगला होता का? तेव्हा मी शपथेवर हो म्हटलं असतं. नंतर मल्टिमीटर घेऊन बसलो, 50 हर्ट्झचा सपाट सूर लावला आणि डबा व डोंगल दोघांचा व्होल्टेज सारखा करून घेतला. बायको माझ्या पाठीमागे वायरी बदलत होती. सोळा वेळांत मी नऊ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. आधी डबा 'मोकळा' वाटायचा, कारण तो थोडा मोठ्याने वाजत होता, आणि थोडं मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. दुकानातल्या डेमोत हे लक्षात असू द्या: दोन वस्तूंची तुलना करताना आवाजाची पातळी कोण ठरवतंय, तुम्ही की विक्रेता?

पेटीवर 32 बिट, 768 किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. सीडी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झची, तिची रेंज (सर्वात हळू ते सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर) 96 डेसिबल. रस्त्यावरच्या घरात, खिडकी उघडी आणि पंखा पाचावर असताना त्यातलं तळाचं बरंचसं आपल्याला कधीच ऐकू येत नाही. उलट बंद पाठीचा हेडफोन घेतलात तर त्याच पैशात जास्त ऐकू येईल.

माझा तो डबा आता मुलाच्या टेबलावर असतो. स्पीकरचा आवाज कमीजास्त करायचं बटण म्हणून तो झकास आहे. मी डोंगल वापरतो, हेडफोनच्या वायरलाच रबरबँडने बांधलेला, कारण आधीचे दोन लोकलमध्ये कुठेतरी पडले.