खिशातला किरणमापक आणि पोटॅशचं पोतं

पहिला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, मी निवृत्तीनंतर घेतला, ऑनलाइन, पाच हजारांच्या आत. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तेच यंत्र चार नावांनी विकलं जातं. आलं त्याच रात्री दोन वाजता ते उशाशी कोकलायला लागलं. पडद्यावर तासाला ०.५३ मायक्रोसिव्हर्ट (अंगाला पोचणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप), लाल अक्षरं, खाली धोक्याची खूण. हिनं उठून आधी गॅसचा नॉब बंद केला.

सकाळी वही घेऊन बसलो. जन्मभर अकरावी-बारावीच्या पोरांकडून प्रॅक्टिकलं करून घेतली, आता स्वतः करायची पाळी आली. या स्वस्त यंत्रांत बोटाएवढी काचेची गायगर-म्युलर नळी असते. आमच्या घरात तिला मिनिटाला वीस-पंचवीस टिकटिक मिळतात. भिंती, जमीन, आकाश, आपण स्वतः, सगळ्यांची मिळून. पण किरण काही रांगेत येत नाहीत. एका मिनिटात १६ येतील, पुढच्यात २९, आणि दोन्ही अगदी सरळ आहेत. जितकी मोजणी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार धरायचाच. मी दहा-दहा मिनिटं मोजलं तर प्रत्येक वेळी २३०च्या आसपास, पंधरा-वीस इकडे तिकडे. म्हणजे नळी उत्तम होती. वरचा पडदाच वाचाळ. चार सेकंदांत पाच टिचक्या आल्या की हा गुणाकार करून दोन दशांशांपर्यंत आकडा सांगणार आणि घर उठवणार. रात्री काहीही झालेलं नव्हतं.

तो काउंटर मी नंतर आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला, अलार्म बंद करून. तिथे तो चांगला चाललाय. पाच हजारांत शिकवायला यापेक्षा बरं काही मिळणार नाही, एवढं मात्र सांगतो.

माझी अडचण वेगळी होती. नळीला टिचकी कळते, टिचकी कुणी मारली ते कळत नाही. म्हणून गेल्या दिवाळीत भाचा जर्मनीहून येणार होता त्याला रेडियाकोड १०२ नावाचा किरणमापक आणायला सांगितलं. सगळं धरून तीस हजारांच्या घरात गेलं. (हिला वीस सांगितलंय.) हातात धरलं तर टीव्हीच्या छोट्या रिमोटएवढं. आत नळी नाही, सिझियम आयोडाइडचा एक सेंटिमीटरचा चौकोनी स्फटिक आहे, त्यात नावाला थॅलियम मिसळलेलं. गामा किरण स्फटिकात शिरला की बारीक उजेड पडतो. उजेड किती पडला यावरून किरणाची ऊर्जा कळते. अशा हजारो ठिणग्या साठल्या की मोबाइलवर वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख, उभा राहतो, आणि त्यातली शिखरं म्हणजे किरण सोडणाऱ्याची सरळ सरळ सही. हाच स्फटिक घरात सेकंदाला पाच-सहा मोजतो. जुनी नळी मिनिटाला वीस मोजायची. फरक तिथेच आहे.

पहिला बळी गॅसबत्तीचं मेंटल. आमच्या आईच्या ट्रंकेत कागदाच्या पाकिटात दोन कोरी मेंटलं निघाली, वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन माणसं चालायची त्या काळातली. मेंटल पांढराशुभ्र उजेड देतं ते थोरियमच्या ऑक्साइडमुळे, आणि थोरियम किरणोत्सारी. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून इंडियन रेअर अर्थ्‌स या सरकारी कंपनीनं काढलेलं थोरियम नायट्रेट मेंटलच्या कारखान्यांना जायचं. पाकीट टेकवताच पाच-सहाचे साठ झाले. तासाभरानं २३८ केईव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचं माप) ठसठशीत शिखर, पुढे ५८३, ९११. थोरियम फुटून होणारी सगळी लेकरंबाळं हजर. जुन्या काउंटरवर हेच मेंटल ठेवलं तेव्हा आकडा भलताच चढला होता, पण मध्ये स्टीलची ताटली धरली की धाडकन खाली यायचा. कारण ती नळी बीटा कणही (पातळ धातूनंही अडणारे वेगवान इलेक्ट्रॉन) मोजत होती आणि त्यांचेही मायक्रोसिव्हर्ट करून सांगत होती. असल्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

आपल्याकडे रेडियम म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटचा चकाकता कागद. तोही मोजला, शून्य. खरं रेडियम निघालं वडिलांच्या जुन्या स्विस घड्याळात. त्याचे आकडे आता अंधारात अजिबात चमकत नाहीत, कारण रंगातलं झिंक सल्फाइड केव्हाच दमलं. रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) मात्र १६०० वर्षं, ते अजून ताजंतवानं आहे. असलं घड्याळ कुणाकडे असेल तर कौतुकानं उघडायला जाऊ नका, त्या रंगाची पूड नाकात जाता कामा नये.

पण सगळ्यात मजा आली नानाच्या शेडमध्ये. नाना माझा थोरला भाऊ, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. शेडमध्ये पोटॅशची पोती होती, ०:०:६० वाली. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये दहा हजारांत एखादाच अणू पोटॅशियम-४०चा असतो, पण पोतं ५० किलोचं आणि त्यात पोटॅशियम जवळपास २५ किलो. एका ग्रॅममध्ये सेकंदाला ३१ अणू फुटतात, तेव्हा पोत्यात साधारण पावणेआठ लाख. पोत्यांच्या थप्पीत यंत्र खुपसून आम्ही चहा घेतला, बागेत फेरी मारली, दोन तासांनी आलो तर १४६० केईव्हीवर एकटं, झाडाच्या शेंड्यासारखं शिखर. पुस्तकात इतकी वर्षं शिकवलेली रेघ पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. नाना म्हणाला, "मग हे द्राक्षांत जातं का?" म्हटलं, जातं ना, आणि तुझ्या-माझ्या अंगातही सेकंदाला चारेक हजार फुटतायत. त्यावर तो बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला.

दाजींचा किस्सा सांगायलाच हवा. नाशिकला त्यांची हृदयाची थॅलियम टेस्ट (किरणोत्सारी औषध टोचून करतात ती) झाली आणि संध्याकाळी ते ताईला घेऊन आमच्याकडे आले. सोफ्यावर टेकले आणि माझ्या खिशात थरथर सुरू. सहावरून हजाराच्या पार. त्यांची परवानगी काढून पाच मिनिटं वर्णपट घेतला. शिखर १४० केईव्हीला, म्हणजे टेक्नेशियम. या तपासणीला लोक अजून थॅलियमच म्हणतात, पण हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच टोचतात, त्याचं अर्धायुष्य सहा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आकडा चौथाईच्याही खाली आला होता. थॅलियम माझ्या यंत्रात होतं, दाजींच्यात नव्हतं. ताईला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट किरणं सोडतो, अशी तक्रारही घेऊन आले दोघं-तिघं. आपल्याकडचा काळा 'ग्रॅनाइट' बहुतेकदा खरा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट नाहीतर गॅब्रो असतो. त्यावर काही वाढत नाही. कडप्पा, शहाबादी तर चुनखडकच. एका बँकेच्या तांबड्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर मात्र आकडा सरळ दुप्पट झाला. दख्खनचा काळा पाषाण मुळात इतका गरीब की त्याच्यापुढे कुठलाही तांबडा दगड श्रीमंत दिसतो. त्यानं कुणाला काही होत नाही. आणि मोबाइल टॉवर मोजून द्या म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. त्या लहरी वेगळ्या, हे यंत्र त्यांच्यापुढे ठार बहिरं आहे.

आता उणं काय ते. अल्फा याला दिसत नाही, बीटा जवळजवळ नाही. स्फटिक लहान, त्यामुळे कमी ताकदीच्या वस्तूला तासन्‌तास द्यावे लागतात आणि जवळजवळची शिखरं एकमेकांत मिसळतात. केळ्यात, दुधात, तांदळात किती बेकरेल (सेकंदाला फुटणारे अणू) हे शिशाच्या जाड डब्याशिवाय मोजताच येणार नाही, त्या नादी लागू नये. तासाला एक मिलिसिव्हर्टपर्यंतच मोजतं, म्हणजे मोठ्या अपघातासाठी हे नव्हे. अ‍ॅप मात्र चोख आहे, फिरताना नकाशावर रंगीत माग काढतं, आणि एकदा चार्ज केलं की आठवडाभर बघावं लागत नाही. बीटा बघायची हौस असेल किंवा खिसा हलका असेल तर नळीवालाच घ्या. कुणी काय पाठवलं हे जाणायचं असेल तर स्फटिकाला पर्याय नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा हा गॅलरीत होता. पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात रेघ चढायला लागली. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची पिल्लं पावसाबरोबर खाली येतात, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४. मी छत्री घेऊन खाली धावलो, गाडीचं टप टिश्यूनं पुसलं, घडी करून यंत्राला चिकटवली. सहाचे चौदा. ३५२ आणि ६०९ची शिखरं अंगठ्याएवढी वर आली. अर्ध्या तासात वाढीतला अर्धा भाग गेला, दोन तासांत घडी नुसता ओला कागद. शेजारचे म्हणाले, सर, गाडी धुवायची होती तर पाऊस थांबायची वाट बघायची.