९९ रुपयांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत माझे ७५,०९७ रुपये गेले

हिशोब आधी सांगते. व्यक्तिमत्त्व चाचणीचे ९९ रुपये, 'सविस्तर अहवाला'चे १,४९९, एकवीस दिवसांत सवयी बदलून देणाऱ्या ऑनलाइन कोर्सचे २४,९९९ आणि त्यानंतरच्या 'वैयक्तिक मार्गदर्शना'चे ४८,५००. लॉटरी लागल्याच्या मेसेजला भुलणारी मी नाही. अनोळखी लिंक उघडत नाही, ओटीपी कुणाला सांगत नाही. इथले सगळे पैसे मी स्वतः भरले, पावत्या घेतल्या, आणि आज त्याच पावत्या माझ्या तोंडावर मारल्या जातायत.

अहवाल वाचून मला रडू आलं होतं. 'तुमच्यात पुष्कळ क्षमता आहे, पण ती अजून वापरली गेलेली नाही. बाहेरून तुम्ही शिस्तशीर दिसता, आतून मात्र धास्तावलेल्या असता. कधी लोकांत रमता, कधी एकदम मिटून जाता.' ऑफिसात बढतीला डावललं गेलं असताना कुणी हे लिहून दिलं, तर कोण विश्वास ठेवणार नाही?

पुढे कोर्समधल्या एका ताईंशी ओळख झाली, तेव्हा दोघींनी अहवाल शेजारी ठेवून पाहिले. नाव सोडून सगळं तेच! मग शोधाशोध केली. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि 'हा तुझा निष्कर्ष' म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला. तो बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. तो आपल्याला किती लागू पडतो, यावर मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मला रडवणारी वाक्यं त्याच मजकुरातली आहेत. तुमच्या हातात असा अहवाल आला, तर नाव झाकून तुमच्या अगदी उलट स्वभावाच्या माणसाला वाचायला द्या. त्यालाही तो स्वतःचा वाटला, तर तिथेच थांबा.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. पैसे परत मिळण्याची मुदत सात दिवस होती, आणि फरक दिसणार होता एकविसाव्या दिवशी. दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाखाली एक छापलेले. मी ते वाचले. फोनवरच्या 'कोच' मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, "शंका घेणं हाच तुमचा पॅटर्न आहे, अहवालात आलंय बघा." आणि मी गप्प बसले! त्या क्षणी फोन ठेवला असता तर ७३,४९९ रुपये वाचले असते. पण माझ्याच स्वभावाचा दाखला देऊन मला गप्प केल्यावर मी काय बोलणार होते? रक्कम लहानपासून मोठी का होत गेली, तेही आता समजतं. आधी छोट्या गोष्टीला हो म्हणवून घेतलं की मोठ्या मागणीला होकार मिळणं सोपं जातं, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं. ९९ रुपये त्यासाठीच होते.

आणि ते एकवीस दिवस? लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचा अंदाज निघाला, कुणाला १८, तर कुणाला २५४. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हेही तिथे ठासून शिकवलं. हा आकडा ज्यांच्या प्रयोगांतून आला, त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे ते आकडे भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते, सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत. कुणी हा आकडा फेकला की त्याचं मानसशास्त्राचं शिक्षण कुठे झालं, ते आधी विचारा.

आता तक्रारीचं. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलेत. पोलीस ठाण्यात विचारलं, "अहवाल मिळाला ना? क्लास झाला ना? मग फसवणूक कसली?" एकसारखे दोन अहवाल टेबलावर ठेवले, ते त्यांनी उघडूनही पाहिले नाहीत. उलट "शिकलेल्या बायका अशा फसतात कशा" हे मलाच ऐकवलं. सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले हे ग्राहक तक्रारीत येतं, तिथे सांगितलं कंपनीचा पत्ता आणा. पत्ता वेबसाइटवर नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले ना मी! कोणी एक पोच द्यायला तयार नव्हतं. चोराने घरात शिरून ७५ हजार नेले असते तर निदान पंचनामा झाला असता.

तोंडी तक्रार करू नका, लेखी द्या आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पैसे परत मागण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढा, कॉलच्या वेळा लिहून ठेवा. मी मागितले आणि तासाभरात मला ग्रुपमधून काढून कोर्सचं लॉगिन बंद केलं. फोनवर दिलेलं कोणतंही आश्वासन ईमेलवर मागा. 'ऑफर आज रात्रीपर्यंतच' म्हणाले तर त्या रात्री पैसे भरू नका. मन खरंच थकलं असेल तर नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाकडे जा, मी आता जाते.

त्या ताईंनीही तक्रार दिली आहे, वेगळी, त्यांच्या नावाने. तुमच्याकडे असाच अहवाल असेल तर तुम्हीही द्या आणि सोबत त्याची प्रत जोडा. तीन-चार जणांचे शब्दन् शब्द सारखे अहवाल एकत्र आले, तर 'सेवा मिळाली ना' हे उत्तर त्यांना देता येणार नाही.