छोटा हत्ती घ्यायचा: डिझेलचा की सीएनजीचा?

जळगावच्या रावेर-सावद्याकडे बागेतून केळी उचलून स्टेशनवर नाहीतर वखारीत टाकायची, एवढंच काम असेल तर शोरूममधल्या ॲव्हरेजच्या आकड्यावर गाडी ठरवू नका. दोन्ही इंधनांचा मोठा भाग समुद्रापलीकडून येतो, पण भाव वेगवेगळ्या वाटेने ठरतो.

आधी डिझेल. कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो. युक्रेन युद्धाआधी त्यात रशियाचा वाटा जेमतेम २ टक्के होता. युरोपने पाठ फिरवल्यावर रशिया सवलतीत विकू लागला आणि तो वाटा तिसऱ्या हिश्श्याच्याही पुढे गेला. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाला बॅरलमागे ६० डॉलरची मर्यादा घातली, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर निर्बंध लादले. आपल्या पंपावर यातलं काय पोहोचलं? जवळजवळ काहीच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तेल १२० डॉलरला भिडलं तेव्हा आपल्या तेल कंपन्यांनी तोटा सोसला. २०२५ मध्ये ते ६५ च्या आसपास आलं तेव्हा नफाही त्यांनीच ठेवला. मे २०२२ मध्ये केंद्राने डिझेलवरचं अबकारी शुल्क ६ रुपयांनी घटवलं, जुलैत राज्याने ३ रुपये कमी केले, मग मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर २ रुपये उतरले. म्हणजे डिझेलचा भाव मॉस्कोपेक्षा दिल्ली-मुंबईतच जास्त ठरतो. स्वस्त मिळेल ही आशा सोडा, पण भाडं ठरवताना हिशेब चुकत नाही, हे छोट्या धंद्याला थोडं नाही.

खानदेशात डिझेलची खरी टंचाई दिसली ती जानेवारी २०२४ मध्ये. हिट अँड रन कायद्याविरुद्ध टँकरचालक थांबले, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून गाड्या निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. आखाती तेलाची वाट असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जहाजं मात्र सुरळीत येत होती!

सीएनजीचं गणित निराळं. किलोमीटरचा खर्च डिझेलपेक्षा कमी पडतो, यात वाद नाही. पण गॅस निम्म्याच्या आसपास आयात होतो, आणि त्याला डिझेलसारखं कुणी धरून ठेवत नाही. २०२२ मध्ये गॅझप्रॉम या रशियन गॅस कंपनीची जर्मनीतली उपकंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली, रशियाने उलट तिच्यावरच निर्बंध घातले, आणि त्या भांडणात आपल्या सरकारी गेल कंपनीचा ठरलेला एलएनजी, म्हणजे जहाजाने येणारा द्रवरूप गॅस, अडकला. युरोप मिळेल तो गॅस उचलत होता. इथे सीएनजी त्या वर्षात बराच चढला. एप्रिल २०२३ मध्ये देशी गॅसच्या भावाला वरची मर्यादा घातल्यावर तो उतरला. २०२४ च्या अखेरीस शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा त्या स्वस्त देशी गॅसचा कोटाच कापला, की पुन्हा वर. कतारचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२८ नंतर आणखी वीस वर्षांसाठी वाढवला आहे, पण कतारची जहाजं होर्मुझमधूनच येतात आणि करारातला भाव कच्च्या तेलाला बांधलेला असतो.

त्यात पंपाची गोष्ट. जिथे पाइपलाइन पोहोचलेली नाही, तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. प्रेशर उतरलं की टाकी अर्धीच भरते, आणि मागे केळी उन्हात तापत राहते. चढावर ओढ कमी, सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट, हेही धरा.

माझं मत: धुळे-सुरत हायवेवर रोज फेऱ्या असतील, माल देणारा गाडीभाडं दर महिन्याला नव्याने ठरवू देत असेल, तर सीएनजी घ्या, पैसे लवकर वसूल होतील. सातपुड्याच्या चढावर पाल, धडगाव, तोरणमाळकडे जाणं असेल किंवा वर्षाचा ठरलेला दर असेल, तर डिझेलच. सौदा करण्याआधी केळीच्या हंगामात दुपारी तुमच्या वाटेवरच्या सीएनजी पंपावर जाऊन रांग आणि प्रेशर पाहा. प्रेशरचा काटा २०० बारच्या बराच खाली अडकत असेल, तर ॲव्हरेजचा कागद तिथेच फाडा.