अक्कलदाढ काढल्यानंतर: मिठाचे पाणी की औषधी माउथवॉश?

माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात अडकलेल्या होत्या आणि सात महिन्यांच्या अंतराने, हिरडी उघडून व टाके घालून, त्या काढाव्या लागल्या. पहिल्या खेपेला, म्हणजे उजव्या बाजूला, मी क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश वापरले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना विचारून केवळ मिठाच्या कोमट पाण्यावर भागवले. उजवी दाढ पार आडवी होती व तिच्यासाठी हाड बरेच कोरावे लागले, डावी नुसतीच तिरकी होती, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे आधीच कबूल करतो. तरीही जखम कशाने स्वच्छ ठेवावी, एवढ्या एका प्रश्नापुरता माझा अनुभव कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिले चोवीस तास दोहोंपैकी कशालाच हात लावायचा नसतो. दाढेच्या खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच तेथले आवरण असते. ती निसटली की खालचे हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी थेट कानापर्यंत ठणका लागतो. यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात, आणि तो झालाच तर मीठ किंवा माउथवॉश यांवर विसंबून न राहता दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवसापासून चूळ सुरू करायची असली, तरी ‘मिठाच्या गुळण्या’ हा आपला नेहमीचा शब्द येथे जरा फसवाच आहे. मान मागे टाकून घशात खळखळ करण्याचे येथे कामच नसते. घोट तोंडात घ्यावा, मान हळूच एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे कलवावी आणि तोंड उघडून पाणी बेसिनमध्ये आपोआप पडू द्यावे; जोराने थुंकल्यास गुठळी सुटण्याची भीती असते.

माउथवॉशची बाजू भक्कम आहे, हे नाकारता येणार नाही. क्लोरहेक्सिडीन जंतू मारते, दातांना व तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून काही तास काम करीत राहते आणि त्यामुळे दिवसातून दोन वेळा पुरते. ड्राय सॉकेटचा धोका त्याने कमी होतो, याला अभ्यासांचाही आधार आहे. ज्यांची सिगारेट सुटत नाही, ज्यांना पूर्वी ड्राय सॉकेट होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या दाढेभोवती वारंवार पू होत असे, त्यांनी माझ्या पुढच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केलेले बरे. दात घासल्यानंतर ते लगेच वापरू नये, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा प्रभाव उणावतो. अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. हे पथ्य मला जड गेले नाही.

जड गेली ती चव. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात चावण्याचे सुख आधीच गेलेले असते. गाल सुजलेला, तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही, ताटात मऊ भात, पातळ वरण, फार तर मेतकूट आणि तूप. अशा जेवणात जी काही गंमत उरते ती सगळी चवीची, आणि क्लोरहेक्सिडीन नेमके तिच्यावरच घाला घालते. विशेषतः खारट चव त्याने बोथट होते. मला हे ठाऊक नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी मेतकूटभात अळणी असल्याचे मी जाहीर केले, पत्नीने चाखून तो व्यवस्थित असल्याचे सांगितले, आणि तरीही मी वरून तीनदा मीठ घेतले. चहा तर कथलाचा पत्रा चाटल्यासारखा लागे. जेवण नकोसे झाल्यावर माणूस कमी खातो, रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेतो आणि मग पोटही कुरकुरू लागते. माझा अशक्तपणा दाढेपेक्षा या साखळीमुळेच लांबला, असे मला वाटते. दहा दिवसांनी औषध थांबवल्यावर चव परतली, पण खालच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग राहिले. चहा पिणाऱ्यांना ते अधिक चढतात आणि घासून जात नाहीत. मला ते दवाखान्यात जाऊन काढून घ्यावे लागले.

मिठाचे पाणी मात्र फुकटात काम करीत नाही, शिस्त मागते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी खरोखरच कोमट असावे. घाईत मी एकदा चहाइतके गरम घेतले आणि जखम पुन्हा पाझरू लागली. कामावर रुजू झाल्यावर थर्मास न्यावा लागला. जंतूंवर त्याचा मारा माउथवॉशएवढा नसतो. त्याचे मुख्य काम धुऊन काढण्याचे. पण खळगा कित्येक आठवडे उघडा असतो आणि त्यात भाताची शिते, कोथिंबिरीची पाने, मिरचीची बी अडकून बसते, तेव्हा दिवसातून दोनदा मारलेल्या जंतूंपेक्षा दर जेवणानंतर निघून गेलेले शीत मला अधिक मोलाचे वाटले. दुसऱ्या खेपेला तोंडाला वासही कमी आला, अर्थात त्याचे श्रेय दाढेच्या सोपेपणालाही असू शकेल.

डॉक्टरांनी माउथवॉश लिहून दिले असेल, तर ते परस्पर बंद करू नये. मात्र मिठाच्या पाण्यावर भागेल का, असे विचारायला हरकत नाही. माझ्या डॉक्टरांनी थोडा विचार करून, नियमितपणाच्या अटीवर, होकार दिला. त्या दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी वरणात मीठ जास्त झाल्याची तक्रार मी घरी केली, आणि या वेळी पत्नीनेही चाखून ती मान्य केली.