जुना डेस्कटॉप, नवं वाय-फाय: आत कार्ड बसवावं की बाहेर डोंगल लावावं?

दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपला एसएसडी आणि थोडी जास्त रॅम मिळाली की तो आजही रोजची बहुतेक कामं बिनतक्रार करतो. मागे पडतो तो वाय-फायमध्ये. मदरबोर्डावर वाय-फाय नसतंच, आणि त्या काळी घेतलेलं डोंगल (यूएसबी पोर्टात खोचायचं छोटं वाय-फाय उपकरण) फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं. आसपासच्या सगळ्या राउटरांची गर्दीही नेमकी तिथेच असते. घरचा राउटर वाय-फाय ६चा झाला तरी या मशीनला त्याचा काही उपयोग होत नाही. मग दोन रस्ते उरतात: कॅबिनेट उघडून मदरबोर्डावरच्या स्लॉटात पीसीआय-ई कार्ड बसवायचं, नाहीतर नवं यूएसबी डोंगल लावायचं.

मी दोन्ही वापरली आहेत, आणि एकाच मशीनवर: दुसऱ्या पिढीचा आय५, त्याच काळातला बोर्ड, एका ड्राइव्हवर विंडोज १० आणि दुसऱ्यावर लिनक्स. खोक्यावर छापलेले आकडे इथे पुन्हा मांडत नाही. रोजच्या वापरात काय जाणवलं तेवढं सांगतो. तुमचा बोर्ड वेगळा असेल तर अनुभवही थोडा वेगळा येऊ शकेल.

वेगाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण माझ्या मते निवड त्यावरून होत नाही. लोकांना काळजी असते ती जुन्या स्लॉटची. पण पीसीआय-ईच्या पहिल्या पिढीचा सगळ्यात छोटा, एक लेनचा स्लॉटसुद्धा सेकंदाला २५० मेगाबाइट वाहून नेतो, दुसऱ्या पिढीचा ५००. दोन अँटेनांचं वाय-फाय ६ कार्ड ८० मेगाहर्ट्‌झच्या चॅनलवर १२०१ मेगाबिटचा लिंक दाखवतं, म्हणजे कागदावरसुद्धा दीडशे मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. तेव्हा स्लॉट जुना आहे म्हणून कार्ड अडत नाही. डोंगलही यूएसबी ३.०च्या पोर्टात असेल तर मागे राहत नाही. दोन्हींवर मोठ्या फाइली उतरवताना मला फरक सांगता आला नसता.

फरक कळला तो मशीन स्लीपमधून उठल्यावर.

डोंगल लावलेलं असताना मशीन झोपवलं, काही तासांनी उठवलं, की कधी वाय-फाय लगेच जोडलं जायचं आणि कधी यादीतून गायबच व्हायचं. नेटवर्क सापडत नाही असं नव्हे; अख्खं उपकरणच दिसायचं नाही. बाहेर काढून परत खोचलं की लगेच सुरू. रोज घडलं असतं तर कारण शोधणं सोपं गेलं असतं, पण ते मधूनमधून घडायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घेतली. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) बंद केलं. लिनक्समध्ये त्या उपकरणापुरतं ऑटोसस्पेंड थांबवलं. प्रत्येक उपायाने प्रमाण कमी झालं, पण तक्रार मुळातून गेली नाही. घरात तेच मशीन इतरही वापरतात, आणि त्यांच्या लेखी अर्थ एकच होता: इंटरनेट बंद आहे.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते डोंगलच्या दर्जाशी कमी आणि मशीनच्या वयाशी जास्त जोडलेलं आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये (बोर्डावरची मुख्य चिप, जी पोर्ट आणि स्लॉट सांभाळते) यूएसबी ३.० प्रथम आलं ते २०१२च्या ७ मालिकेत. एएमडीने ते २०११मध्ये ए७५ चिपसेटमध्ये आणलं. त्याआधीच्या बोर्डांवर निळे पोर्ट दिसत असले तरी ते कुठल्यातरी तिसऱ्या कंपनीच्या वेगळ्या चिपवरून निघालेले असतात. त्या चिपांचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) अद्ययावत होणं केव्हाच थांबलेलं असतं. मशीन स्लीपमध्ये गेलं की पोर्टाची वीज एकतर तुटते किंवा नुसत्या स्टँडबायवर राहते. उठल्यावर त्या चिपने स्वतः सावरायचं, डोंगल नव्याने ओळखायचं, आणि मग ड्रायव्हरने डोंगलच्या चिपमध्ये फर्मवेअर पुन्हा भरायचं. या साखळीतली कुठलीही कडी उशिरा हलली की उपकरण हरवतं.

तेच डोंगल मी मागच्या काळ्या, यूएसबी २.०च्या पोर्टात लावून पाहिलं. तो पोर्ट थेट चिपसेटवरून निघतो. तिथे हा त्रास जवळजवळ थांबला. पण यूएसबी २.०ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे आणि हाती त्याहून बरंच कमी येतं, म्हणजे वाय-फाय ६ घेण्याचं अर्धं कारण तिथेच संपलं. जो पोर्ट भरवशाचा तो संथ, आणि जो वेगवान तो बेभरवशाचा. माझा कौल कार्डाकडे झुकला तो या पेचामुळे. जुन्या बोर्डावरचा पीसीआय-ई स्लॉट मात्र चांगला मुरलेला असतो. नवं कार्ड जुन्या स्लॉटशी त्याच्या वेगाने बोलेल, ही सोय त्या मानकातच आहे. स्लीपनंतर कार्डालाही सावरावं लागतं, पण मध्ये दुसरी चिप नाही, हब नाही. कार्ड बसवल्यापासून मशीन उठल्यावर वाय-फाय शोधत बसण्याची वेळ आलेली नाही.

आता कार्डाच्या बाजूचे त्रास. तेही आहेत, आणि दोन तर असे की नीट पाहून न घेतल्यास कार्ड अख्खं वाया जातं.

पहिला त्रास नंबरांचा. बाजारातली बरीच पीसीआय-ई वाय-फाय कार्डं म्हणजे एका छोट्या पट्टीवर बसवलेलं लॅपटॉपचं एम.२ कार्ड असतं. पट्टी आणि एम.२ कार्ड वेगवेगळंही घेता येतं, आणि घोळ तिथेच होतो. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२१० पूर्ण कार्डं आहेत. ती पीसीआय-ईवर चालतात, प्रोसेसर कुठलाही असो. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला सारखीच, पण ती सीएनव्हीआय पद्धतीची. त्यात वाय-फायचा बराचसा मेंदू इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतो आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग उरतो. डेस्कटॉपवर ही पद्धत ३०० मालिकेच्या चिपसेटपासून, म्हणजे २०१८च्या सुमारास आली. त्याहून जुन्या बोर्डावर किंवा एएमडीवर हे कार्ड खाचेत नीट बसेल, पण मशीनला ते दिसणारच नाही. इंटेलच्या एएक्स आणि बीई मालिकांत शेवटचा आकडा ० नसेल तर जुन्या मशीनसाठी ते घेऊ नये.

दुसरा त्रास ब्लूटूथचा. या कार्डांवर वाय-फाय पीसीआय-ईवरून चालतं, पण ब्लूटूथ यूएसबीवरून. डेस्कटॉपच्या स्लॉटात यूएसबी येतच नाही, म्हणून कार्डाबरोबर एक बारीक केबल मिळते आणि ती बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला जोडायची असते. केबल राहिली तर वाय-फाय व्यवस्थित चालतं आणि ब्लूटूथचा मागमूस नसतो. जुन्या बोर्डावर असे हेडर दोन-तीनच, आणि त्यातले पुढचे पोर्ट आणि कार्ड रीडर यांनी आधीच अडवलेले. मी कार्ड रीडरची केबल काढून ती जागा ब्लूटूथला दिली. ते शक्य नसेल तर एका हेडरचे दोन करणारी केबल मिळते. डोंगलवाल्यांना हा प्रश्नच नाही, हे मान्य करायला हवं.

जागेचा प्रश्न दोन मिनिटांत तपासून होतो. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर त्याच्याखालचा छोटा स्लॉट झाकला जातो. अशा वेळी लांब स्लॉट रिकामा असेल तर वाय-फायचं छोटं कार्ड त्यातही चालतं. बारीक कॅबिनेट असेल तर सोबत मागे बसवायची आखूड पत्र्याची पट्टी मिळते का तेवढं बघावं. आणि बोर्डावर फक्त जुने पांढरे पीसीआय स्लॉट असतील तर कार्डाचा विषयच सोडा. त्यासाठी वाय-फाय ६चं काही मिळत नाही.

अँटेनांच्या बाबतीत डोंगल पुढे आहे. कार्डाचे अँटेना कॅबिनेटच्या मागे, बहुतेक घरांत टेबलाखाली आणि भिंतीला चिकटून, मध्ये पत्र्याचा डबा. डोंगल मात्र एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणता येतं. आणावंच, कारण चालू यूएसबी ३.० पोर्टाजवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर गोंगाट होतो. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. वायरलेस माउस अडखळू लागतो तो अनेकदा याच कारणाने. कार्ड घ्यायचं असेल तर चुंबकाचं बूड आणि मीटरभर वायर असलेला अँटेना ज्याच्यासोबत येतो असंच घ्यावं, म्हणजे ही उणीव भरून निघते. मी तसंच घेतलं. अँटेना टेबलावर आणल्यावर सिग्नलमध्ये दिसण्यासारखा फरक पडला.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात, कारण हे मशीनवर काय चालतं यावर ठरतं. विंडोज ७ वापरत असाल तर एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेऊ नका; इंटेलचे ड्रायव्हर ६४ बिट विंडोज १० आणि पुढच्यांसाठीच आहेत. विंडोज १०वर दोन्ही उत्तम चालतात, पण एएक्स२१०ची खरी जमेची बाजू असलेला ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तिथे मिळत नाही. त्याला विंडोज ११ लागतं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली उतरत नाही. म्हणजे जुन्या मशीनवर विंडोज १०च ठेवणार असाल तर एएक्स२१०साठी जास्त मोजण्यात फारसा अर्थ नाही, एएक्स२०० पुरतं. विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे पुढेमागे लिनक्सकडे जायचा विचार असेल तर मात्र एएक्स२१० घेऊन ठेवावं.

लिनक्सवर तर माझा कल आणखीच स्पष्ट आहे. एएक्स२००चा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१ पासून आणि एएक्स२१०चा ५.१० पासून कर्नलमध्येच आहे. कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं, वाय-फाय हजर. डोंगलांचं तसं नाही. आठ-आठ वर्षं खपलेल्या काही चिपांचे ड्रायव्हर कर्नलबाहेर राहिले. रिअलटेक आरटीएल८८१२एयू हे ठळक उदाहरण. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो फार उशिरा. तोवर कर्नल अपडेट झालं की ड्रायव्हर पुन्हा बांधायचा, आणि बांधायला लागणारं सामान उतरवायला इंटरनेट हवं. डोंगलच घ्यायचं असेल तर मीडियाटेक एमटी७९२१च्या यूएसबी आवृत्तीचं शोधा. कर्नल ५.१९ किंवा पुढचं असलं की ते वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. काही डोंगलं पहिल्यांदा लावल्यावर ड्रायव्हर भरलेली सीडी असल्याचं भासवतात आणि नंतर वाय-फाय होतात. विंडोजवर ती सोय आहे, लिनक्सवर तिथेच गाडं अडतं.

डोंगल कोणी घ्यावं, याचं उत्तरही माझ्यापाशी आहे. मशीन कधीच स्लीपमध्ये जात नसेल, काम झालं की सरळ बंद होत असेल, तर मला झालेला त्रास तुम्हाला बहुधा होणार नाही. बोर्ड २०१२ नंतरचा असेल आणि यूएसबी ३.० चिपसेटमधूनच येत असेल तर शक्यता आणखी कमी. मशीन भाड्याचं किंवा ऑफिसचं असेल, उघडता येत नसेल, किंवा एकच वाय-फाय दोन मशीनवर आलटूनपालटून हवं असेल, तर डोंगलच बरं.

तिसरा एक मार्ग बरेच जण विसरतात. एखादा छोटा राउटर किंवा रिपीटर क्लायंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तोच घरच्या वाय-फायला जोडला जातो, आणि लॅनच्या वायरने डेस्कटॉपला जोडायचा. ड्रायव्हर लागत नाही, विंडोज ७ही चालतं, स्लीपचा प्रश्नच येत नाही. टेबलावर एक डबी आणि एक प्लग वाढतो एवढंच. स्लॉट नसलेल्या मशीनला मी डोंगलआधी हाच मार्ग सुचवेन.

कार्डाकडे वळलात तर वाय-फाय ७च्या मागे तूर्त लागू नका. इंटेलचं बीई२०० एएमडीच्या बोर्डांवर सुरूच होत नसल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, आणि विंडोजमध्ये वाय-फाय ७चा आधार आला तो विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत, जी या मशीनवर अधिकृतपणे चढतच नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१०, वायरवाला अँटेना, आणि कॅबिनेट पुन्हा लावण्याआधी ब्लूटूथची केबल हेडरवर बसली आहे का ते एकदा पाहून घ्या.