ग्रीन कार्ड ठेवावं की अमेरिकी नागरिकत्व घ्यावं? भारतात जास्त राहायचं असेल तर उत्तर उलटं आहे

अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली की हा वाद निघतोच. एकाला फॉर्म भरून मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्याला भारतीय पासपोर्ट हातचा सोडवत नाही. (दोन्ही पासपोर्ट निळेच, ही त्यातली गंमत.) 'भारताशी नातं ठेवायचंय, म्हणून ग्रीन कार्डावरच राहतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आधी तेच तपासून बघू.

ग्रीन कार्ड ही अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी आहे, आणि तिची अटही तीच: राहायचं इथंच. समजा आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही पुण्याला गेलात. मुक्काम सहा महिन्यांच्या वर गेला की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. शिवाय नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटलं असं सरकार धरून चालतं. तसं नाही हे सिद्ध करणं तुमच्याकडे. वर्ष उलटलं तर नुसतं कार्ड दाखवून आत येता येत नाही. री-एंट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) काढलं तर साधारण दोन वर्षं कार्ड वाचतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि सलग वास्तव्य त्यानं वाचत नाही.

आता दुसरी बाजू. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांमुळे भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं. ते म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा: कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलीस नोंदणी नाही. तिकडे अमेरिकी पासपोर्टावर तुम्ही पाच वर्षांनी परतलात तरी कुणी आत यायला नाही म्हणू शकत नाही. म्हणजे ज्यानं भारतीय पासपोर्ट जपला त्यानं आईजवळ दिवस मोजत बसायचं, आणि ज्यानं तो परत केला त्यानं निवांत राहायचं. विचित्र आहे, पण कायदा असाच आहे.

सातबाऱ्याची भीतीही अर्धीच खरी. शेतजमीन विकत घेण्याची बंदी ओसीआयवाल्याला आहे तशी परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे. परकीय चलनाचा फेमा कायदा तिथे दोघांना एकाच मापानं मोजतो. वारशानं आलेली जमीन दोघांनाही ठेवता येते. फरक पडतो तो कायमचं परतल्यावर. भारतीय नागरिक निवासी झाला की ही आडकाठी संपते, आणि शेतकरी असेल तर महाराष्ट्रात जमीन घेऊ शकतो. ओसीआयवाल्याची अडचण कायम राहते. गावी शेती वाढवायचं स्वप्न असेल तर हा मुद्दा लहान नाही.

मतदानाचं असं: ग्रीन कार्डवाल्याला भारतात अनिवासी मतदार म्हणून नाव घालता येतं, पण बोटाला शाई लावायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. ओसीआयवर मत नाही, घटनात्मक पदं नाहीत, सरकारी नोकरीही साधारणपणे नाही. उलट अमेरिकेत मत मिळतं, निवडणूकही लढवता येते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत आहेत, ते नागरिकत्व घेतल्यामुळेच.

आई-वडिलांना कायमचं आणायचं असेल तर प्रश्नच मिटतो: त्यांच्यासाठी अर्ज फक्त नागरिकच करू शकतो. ग्रीन कार्डावर पती-पत्नी आणि अविवाहित मुलं, एवढंच.

ग्रीन कार्ड खरंच वरचढ ठरतं ते करात, तेही परत जाणाऱ्यांसाठी. कार्ड असेपर्यंत जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकी कर दोघांनाही सारखाच. भारतातली भाडी, ठेवी, म्युच्युअल फंड सगळं दाखवायचं. पण कार्ड परत करता येतं आणि विषय संपतो. नागरिक मात्र नाशकात पेन्शनवर बसला तरी दरवर्षी विवरणपत्र भरतच राहतो. एक खाच आहे: शेवटच्या १५ वर्षांपैकी ८ वर्षांत कार्ड असेल, तर संपत्तीनुसार ते परत करतानाही कर लागू शकतो. त्यामुळे चार-पाच वर्षांत नक्की परतायचं ठरलेल्यांनी नागरिकत्वाच्या मागे लागू नये, असं माझं मत. 'बघू, मुलं मोठी झाली की जाऊ' म्हणणाऱ्यांना मी यात धरत नाही.

प्रक्रियेचा बाऊ नको. नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज कार्डाला पाच वर्षं होण्याच्या ९० दिवस आधी भरता येतो, जोडीदार नागरिक असेल आणि संसार एकत्र असेल तर तीन वर्षं होण्याच्या. पाचपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. ऑनलाइन फी ७१० डॉलर. तुलनेसाठी, दर दहा वर्षांनी कार्ड नवं करायला ऑनलाइन ४१५ लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नागरिकशास्त्राच्या परीक्षेत १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. वय ५५ आणि कार्डाला १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ, नागरिकशास्त्राची दुभाष्यामार्फत मराठीतून देता येते.

फक्त शपथविधीच्या आसपास भारताचं तिकीट काढू नका. ग्रीन कार्ड तिथंच जमा होतं, भारतीय पासपोर्टावर त्यानंतर प्रवास करता येत नाही, आणि अमेरिकी पासपोर्ट, मग जुना पासपोर्ट परत केल्याचा दाखला, मग ओसीआय, हे एकामागून एकच होतं. घरात कुणी आजारी असेल तर आधी जाऊन या, शपथ नंतर घ्या.