तेतेबातू, लोंबोक: शेतातल्या होमस्टेचा रिव्ह्यू, मुंबईकरांसाठी

मुंबईत सध्या निम्मी ओळखीची माणसं बालीला जाऊन आलेली असतात नाहीतर जायच्या तयारीत असतात, आणि सगळ्यांच्या फोटोत तोच झोका, तीच पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. त्या शेतीत भात लावणारा माणूस मात्र एकाही फोटोत नसतो. मला तो बघायचा होता, म्हणून आईला घेऊन मी शेजारच्या लोंबोक बेटावर तेतेबातूला गेले, आणि आता जो कोणी बालीचं पॅकेज घेतोय त्याला मी सांगत सुटलेय की त्यातले दोनतीन दिवस कापा आणि इथे जा.

गाव पूर्व लोंबोकमध्ये, रिंजानी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर. रिंजानी ३७२६ मीटरचा, म्हणजे इंडोनेशियातला दुसऱ्या नंबरचा उंच ज्वालामुखी, आणि या उतारावरची माती, पाणी, हवा सगळी त्याचीच देणगी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या २०२१च्या उत्तम पर्यटन गावांच्या स्पर्धेला इंडोनेशियाने जी तीन गावं पाठवली त्यात हे होतं, पण मान मिळाला जावातल्या ङ्लांगेरानला, आणि तेतेबातू आपलं शांत राहिलं. माझ्या मते बरंच झालं.

होमस्टे म्हणजे एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागे बांधलेल्या काही खोल्या, बाहेर ओटा आणि ओट्याला लागूनच भाताचं खाचर. एसी नाही आणि लागतही नाही, रात्री चादर घ्यावी लागते. अंघोळीला पाणी गार येतं, बाथरूममध्ये उजेड कमी, वयस्कर माणूस बरोबर असेल तर टॉर्च ठेवा. पण गादी, चादरी, मच्छरदाणी सगळं एकदम स्वच्छ, आणि दोघींचं राहणं, नाश्ता, रात्रीचं जेवण धरून रोजचा खर्च मुंबईत एकदा बऱ्या हॉटेलात जेवलो असतो तेवढा. गावात जवळपास सगळे ससाक, म्हणजे लोंबोकचे मूळ रहिवासी, आणि मुस्लिम आहेत, पहाटे अजान होते आणि गाव तेव्हाच उठतं, दारू मिळत नाही, कपडे जरा अंगभर घालावेत. ज्याला रात्री बारापर्यंत म्युझिक हवंय त्याने समुद्रकिनाऱ्यावरच राहावं, इथे येऊन तक्रार करू नये.

अंगणात बेरुगाक असतो, सहा खांबांवरचा उघडा चौथरा आणि वर छप्पर. जेवण तिथे, पाहुणे तिथे, दुपारची डुलकी पण तिथेच. शेजारी लुंबुंग, म्हणजे भाताचं कोठार, खांबांवर उचललेलं, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्याशी लाकडाची गोल चकती, की उंदीर वर चढला तरी तिथून पुढे जाऊ शकत नाही. आई त्या चकतीकडे बघतच राहिली, कारण तिच्या लहानपणी माणगावला कणगीतल्या भातावर उंदरांचं राज्य असायचं.

आणि आता खरी गोष्ट, शेत. घरातले काका सकाळी आम्हाला बांधाबांधाने घेऊन गेले. त्याचे पैसे वेगळे, पण आधीच स्पष्ट सांगितले होते आणि एकेक रुपया वसूल. काही खाचरांत भात दोन ओळी जवळजवळ, मग एक ओळ मोकळी, परत दोन ओळी असा लावलेला. याला तिथे जाजार लेगोवो म्हणतात, सरकारी शेतीखात्यानेच पसरवलेली पद्धत आहे. बांधाकडेच्या रोपाला ऊन आणि हवा जास्त मिळते म्हणून ते जोमाने फुटतं, तर मग मधली ओळ सोडून जास्तीत जास्त रोपांना तसा कडेचा फायदा द्यायचा, असा त्यामागचा विचार. आई एकदम म्हणाली, "अगं, ही तर आपल्या चारसूत्रीतली जोडओळ!" आणि खरंच, कोकणात चारसूत्रीने, म्हणजे चार नियमांच्या लावणीपद्धतीने भात लावताना १५ आणि २५ सेंटीमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवतात आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या मध्ये खताची गोळी खोचतात. मग ती काकांना हातवारे करून गोळी कशी खोचायची ते दाखवायला लागली, भाषा एकमेकांची शून्य कळत होती, पण काका वाकून बघत होते, मान डोलवत होते, बोटाने चिखलात खड्डा करून परत विचारत होते. दुसऱ्या कुठल्या टूरमध्ये माझ्या आईला कोणी शेतीतली जाणकार म्हणून असं विचारलं नसतं.

पाण्याची व्यवस्था पण नीट समजून घ्या, विचारलं की आवडीने सांगतात. इथेही बालीसारखेच सुबाक, म्हणजे पाणी वाटून घेणारे शेतकऱ्यांचे गट आहेत आणि पाणी वाटणाऱ्या माणसाला पेकासिह म्हणतात, कोणाच्या खाचरात कधी पाणी सोडायचं हे तो बघतो आणि त्याचा मोबदला पीक आल्यावर भातात द्यायची जुनी रीत आहे. धुळ्याकडे फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीत, पाणी सोडणारा पाटकरी असतो, त्याची आठवण येते. कोरड्या महिन्यांत बरेच जण तंबाखू लावतात, मग विटांच्या उंच भट्ट्यांमध्ये पानं टांगून सुकवतात, म्हणजे जुलै-ऑगस्टला गेलात तर ते बघायला मिळेल, पण भाताचा हिरवागार नजारा हवा तर पावसाच्या महिन्यांत जा, तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल.

गावावरच्या रानात जेरुक मानिस नावाचा धबधबा आहे, रिंजानी नॅशनल पार्कच्या हद्दीत, वाटेत काळी माकडं दिसतात. छान आहे, पण माझ्यासाठी शेत जास्त मोठं.

जेवणाबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. आरेस म्हणजे केळीच्या कोवळ्या गाभ्याची नारळाच्या दुधातली आमटी, ती खाऊन आई दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आली. प्लेचिंग कांगकुंग म्हणजे आपली नाळीची भाजी उकडून त्यावर टोमॅटो-मिरचीचा झणझणीत सांबल. कॉफीचे दाणे तांदळाबरोबर भाजतात, चव जरा खमंग येते, मला फार आवडली. शाकाहारींनी एक ध्यानात ठेवा, सांबलमध्ये बहुतेक वेळा तेरासी असते, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा. ऑर्डर देतानाच "तान्पा तेरासी" म्हणा, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू भरपूर मिळतो, उपाशी राहणार नाही.

वाईट अनुभव आला तो गावाबाहेर. किनाऱ्यावरच्या एका एजंटने गाडी ठरवून दिली, वाटेत न विचारता कापडाच्या दुकानात नेऊन बसवलं आणि उतरताना जास्तीचे पैसे मागितले. गाडी होमस्टेवाल्यांनाच पाठवायला सांगा, त्यांचाच भाचा-पुतण्या येतो आणि पैसे गावात राहतात.

मला एक मनापासून वाटतं. आपल्याकडे महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालीच आलं, पण मी कर्जत-मुरबाडकडे ज्या ज्या ठिकाणी गेले तिथे शेत बाजूला आणि स्विमिंग पूल, रेन डान्स पुढे. आवणीच्या दिवसांत मुंबईची पोरं गुडघाभर चिखलात उतरून शेतकऱ्याच्या हाताखाली एक ओळ लावतील, दुपारी त्याच्याच घरी तांदळाची भाकरी खातील आणि त्याला त्याचे व्यवस्थित पैसे देतील, एवढं तरी आपण करायलाच हवं, भात आपलाही काही कमी नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बाथरूमच्या उजेडाचा गेला. जायचं कसं तर बालीतल्या पादांगबाईहून लेंबारची फेरी घ्या, चार-पाच तास लागतात पण स्वस्त, नाहीतर थेट लोंबोकच्या विमानतळावर उतरा, तिथून रस्त्याने गाव फार लांब नाही. व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपियाचा (रुपिया म्हणजे इंडोनेशियाचं चलन, आपला रुपया नव्हे), आकडा ऐकून घाबरू नका. रोख रक्कम वाटेतल्या मोठ्या गावातच काढून ठेवा, आणि आई-बाबांना नेत असाल तर बांधावर घसरणार नाहीत अशा चपला घ्या.